पान पाठवायचे की पुस्तक? : सीमाभागातल्या ग्रंथालयांची देवघेव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता सगळे ऑनलाइन मिळते, मग आंतरग्रंथालयीन देवघेवीचे रजिस्टर कशाला ठेवायचे?’ हा प्रश्न बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ग्रंथालयांत अलीकडे समितीच्या बैठकीतही निघतो. प्रश्नात तथ्य आहे. इंग्रजीतला रसायनशास्त्राचा लेख हवा असेल तर त्या रजिस्टरावाचून कुणाचे काही अडत नाही. पण १९५८ सालच्या एखाद्या मराठी मासिकातली अकरा पाने हवी असतील, तर ती कोणत्या गावात, कोणत्या कपाटात आहेत हे सांगणारे कुणी नाही. या सेवेतला जो भाग आपोआप संपणार होता तो संपला. जो वाढायला हवा होता तोही रजिस्टराबरोबर माळ्यावर चालला आहे. त्याबद्दल हे पत्र. लांबले आहे, पण तपशिलाशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

ज्यांचा या कामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. आपल्याकडे नसलेले पुस्तक आपले ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडून स्वतःच्या नावावर आणते आणि आपल्याला वाचायला देते. उसनवारी दोन संस्थांमधली असते. पुस्तक फाटले, भिजले, हरवले तर देणाऱ्याला तोंड द्यायचे ते मागवणाऱ्या ग्रंथालयाने. वाचकाशी त्याचा हिशेब वेगळा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी १८९४ मध्ये ही पद्धत रीतसर चालू केली. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात बॉस्टन स्पा या गावी निव्वळ उसने देण्यासाठी म्हणून एक राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले. आपल्याकडे दिल्लीत १९८८ साली ग्रंथालयांना एकमेकांशी जोडणाऱ्या डेलनेटचे काम सुरू झाले आणि १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांची ग्रंथालये जोडण्यासाठी इनफ्लिबनेटचा प्रकल्प हाती घेतला.

या सेवेतून आधी गेले ते प्रबंध. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झाले. तोवर बेळगावची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. एखादा पीएच.डी.चा प्रबंध पाहायचा तर धारवाड किंवा कोल्हापूर गाठायचे, चिठ्ठी दाखवायची आणि तिथेच बसून टिपणे काढायची. प्रबंध घरी कुणी देत नसे. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा भरत गेला आणि ती मागणी जवळजवळ थांबली. दुसरी गेली ती इंग्रजी संशोधन नियतकालिके. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सगळ्या संस्थांसाठी एकत्र वर्गणी भरण्याची योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. जानेवारी २०२५ पासून ती खुली आहेत.

मात्र कुणासाठी खुली, हे बघायला हवे. पहिल्या टप्प्यात केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. बेळगाव जिल्ह्यातली बरीचशी महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, आणि सार्वजनिक वाचनालये तर या योजनेत कुठेच बसत नाहीत. त्यातही एक मेख आहे. कागदी अंक विकत घेतला की ग्रंथालय त्याचे मालक. तो कुणाला द्यायचा हे ते ठरवते. इलेक्ट्रॉनिक अंकाचे ते भाडेकरू असते. त्यातली पीडीएफ दुसऱ्या संस्थेला पाठवता येते की नाही, छापून पाठवता येते की नाही, बाहेरच्या माणसाला ग्रंथालयात बसवून वाचू देता येते की नाही, हे प्रकाशकाशी झालेल्या करारात लिहिलेले असते. ग्रंथपालाने तो करार एकदा वाचून त्यातल्या या तीन गोष्टी कागदावर उतरवून काउंटरवर लावाव्यात. नाहीतर भिडेपोटी एखादी फाइल पुढे पाठवली जाते, किंवा भीतीपोटी जे देता येते तेही नाकारले जाते. दुसरा प्रकार जास्त चालतो.

आता मराठीकडे. मराठी पुस्तक, मराठी मासिक, दिवाळी अंक, स्मरणिका यांतले या तेरा हजारांच्या यादीतून आपल्या हाती काही लागत नाही. स्वामित्वहक्क संपलेल्या काही जुन्या ग्रंथांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर आहेत, सरकारी मंडळांची प्रकाशने आहेत. त्या आधी शोधाव्यात. उरलेले सगळे अजून कागदावरच आहे आणि ते कागद विखुरलेले आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. या जुन्या संस्थांकडे काय आहे याची कल्पना तरी करता येते. अवघड जाते ते त्याखालच्या थरातले: हायस्कुलांची ग्रंथालये, तालुक्याची वाचनालये, देवळाच्या नाहीतर तालमीच्या माडीवरचे एखादे कपाट. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी इथल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका आणि भाषणांच्या पुस्तिका पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात सापडतील अशी आशा धरू नये. त्या सापडल्या तर इथेच.

म्हणून सीमाभागातल्या ग्रंथालयांची भूमिका उलटी होते आहे. आजवर आपण मागणारे होतो. आता स्थानिक प्रकाशनांच्या बाबतीत देणारे आहोत. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या वाचकालाही कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते. बाजाराला तो इथे येतो, मग पुस्तकासाठी त्याने शंभर किलोमीटर उलटे का जावे? पण देणारा व्हायचे तर आपल्याकडे काय आहे ते दुसऱ्याला कळावे लागते, आणि गाडी अडते ती नेमकी इथे.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची इनफ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’वर आहे, डेलनेटकडे सभासद ग्रंथालयांची आहे. वाचनालयांची पुस्तके त्यांत फारशी नाहीत. जी मराठी पुस्तके आहेत ती शोधताना काय होते ते एका शब्दावर दाखवतो. समजा १९३५ सालच्या पुस्तकाच्या नावात ‘शेतकऱ्यांचें’ असा शब्द आहे. पहिली अडचण शेवटच्या टिंबाची. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. एका ग्रंथपालाने मुखपृष्ठावर दिसले तसे ‘शेतकऱ्यांचें’ नोंदवले, दुसऱ्याने आजच्या पद्धतीने ‘शेतकऱ्यांचे’. संगणकाला ही दोन वेगळी पुस्तके. दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या संगणकीय संकेतांत, दोन रीतींनी टाइप होतो: एक तर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, नाहीतर साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना जुळतीलच असे नाही. म्हणजे एकाच शब्दाची चार रूपे झाली. रोमन लिपीतल्या सूचीत तर ‘ज्ञानेश्वरी’ कुणी डी-एन-वाय ने सुरू करतो, कुणी जे-एन ने, कुणी जी-वाय ने. ज्या ग्रंथालयांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुट्या मराठी फॉन्टमध्ये याद्या टाइप करून घेतल्या, त्यांच्या नोंदी कोहा किंवा ई-ग्रंथालय या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये तशाच चढवल्या की निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, निदान शंभरातल्या दहा नोंदी डोळ्यांनी तपासून मगच चढवाव्यात. जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत हमखास घोटाळा असतो.

त्यात इथे कन्नड लिपीची भर. एकाच गावात मराठी पुस्तकाची नोंद एकीकडे देवनागरीत आणि दुसरीकडे कन्नडमध्ये असू शकते. ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी एकाच चौकटीत केलेली आहे, त्यामुळे कन्नडमधून देवनागरीत यांत्रिक लिप्यंतर बरेच शुद्ध होते. ‘ळ’लाही दोन्हीकडे जागा आहे. कन्नडमधले ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ एवढे हाताने पाहावे लागतात. लिपीवरून इथे भांडणे पुष्कळ होतात; सूचीच्या कामात मात्र ती सगळ्यांत सोपी बाब आहे.

शोधताना या सगळ्यावर तोडगा एकच: शीर्षक पूर्ण टाइप करू नये. लेखकाचे आडनाव आणि शीर्षकातला जोडाक्षर नसलेला, अनुस्वार नसलेला एखादा शब्द एवढेच द्यावे. ‘शेतकऱ्यांचें’च्या जागी नुसते ‘शेतक’ देऊन पुढचा भाग मोकळा सोडला, तर चारही रूपे हाती लागतात.

मागणीपत्राकडे वळू. मागणी फसते ती बहुतेक वेळा पुस्तक नाही म्हणून नव्हे, मागणी अर्धवट आहे म्हणून. मागणीपत्रात लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल आणि आवृत्ती हवी. त्याशिवाय हा संदर्भ वाचकाला कुठे मिळाला, म्हणजे कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर, तेही हवे. हा शेवटचा रकाना सगळे जण रिकामा सोडतात आणि तोच सर्वांत उपयोगाचा असतो. बाकी तपशील चुकला तरी देणारा ग्रंथपाल मूळ संदर्भ काढून चूक कुठे आहे ते पाहू शकतो. आवृत्ती नसली की पाने जुळत नाहीत. ‘पान १४२ ते १५०’ मागितलेले असते पहिल्या आवृत्तीतले. तिसरी आवृत्ती नव्याने जुळवलेली असते आणि त्या पानांवर भलतेच प्रकरण येते. जुन्या पुस्तकांवर साल शकात छापलेले असते. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायचे हे सर्वांना पाठ असते, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे हे विसरले जाते. शके १८८० चा माघातला अंक १९५९ चा असतो, १९५८ चा नव्हे. मासिकांच्या बाबतीत ‘वर्ष’ आणि ‘अंक’ हे दोन्ही आकडे विचारून घ्यावेत. काही मासिकांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, दिवाळी अंक कधी क्रमात असतो आणि कधी क्रमाबाहेर, आणि बांधणी करताना जाहिरातींची पाने व मुखपृष्ठे काढून टाकलेली असली तर अंकाची ओळख पटवायला हे दोन आकडेच उरतात.

मागणी आली की देणाऱ्याने तीन गोष्टी या क्रमाने ठरवाव्यात. हे इंटरनेटवर रीतसर उपलब्ध आहे का? असेल तर दुवा पाठवावा, काम संपले. नसेल तर वाचकाला पूर्ण पुस्तक हवे आहे की त्यातली काही पाने? पाने हवी असतील तर स्कॅन. पूर्ण पुस्तकच हवे असेल आणि ते प्रवास करण्याजोगे असेल, तरच पार्सल. पूर्वी हा क्रम नेमका उलटा होता. या सेवेत झालेला बदल एका वाक्यात सांगायचा तर एवढाच, आणि रजिस्टर बंद करण्यापेक्षा त्यात ‘दुवा दिला’, ‘पाने पाठवली’, ‘पुस्तक पाठवले’ असे तीन रकाने आखणे हे त्यावरचे उत्तर. पहिल्या रकान्यातली नोंदही कामच आहे. तीसुद्धा वार्षिक अहवालात मोजावी.

स्कॅनबद्दल. मजकुरासाठी ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरते, बारीक टंकाच्या तळटिपा असतील तर ४००. मोठे यंत्र लागत नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल स्टँडवर अडकवून काढलेली पाने वाचायला चांगली येतात. हातात धरून काढलेली येत नाहीत. हवी असलेली पाने, त्याबरोबर शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू असा संच पाठवावा. नाहीतर वाचकाला संदर्भ देता येत नाही आणि तो पुन्हा मागणी करतो. जुन्या मराठी पुस्तकांची एक खास अडचण म्हणजे आडवी शिवण. पाने कण्यातून न शिवता कडेने भोके पाडून दोऱ्याने नाहीतर तारेने टाचलेली असतात. असे पुस्तक सपाट उघडत नाही. स्कॅनरच्या काचेवर दाबले की ‘कट्’ असा आवाज येतो आणि पान मुळापासून सुटते. ते काटकोनाएवढेच उघडे ठेवून, दोन बाजूंना उशा नाहीतर जाड पुस्तके लावून, वरून फोटो घ्यावा. युद्धकाळातला आणि त्यानंतरचा स्वस्त लाकडी लगद्याचा कागद पिवळा पडून पापडासारखा मोडतो. तो तर हलवूच नये. कपाटाजवळच कॅमेरा न्यावा.

यावर लगेच कॉपीराइटचा प्रश्न येतो, आणि त्या शब्दाच्या धाकाने अनेक ठिकाणी सगळेच बंद आहे. कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षे हक्क राहतो. म्हणजे १९६५ पर्यंत निधन पावलेल्या लेखकांचे त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळे आहे. ते पूर्ण स्कॅन करून द्यायला अडचण नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचे साल वेगळे बघावे लागते, आणि नंतर कुणी लिहिलेली प्रस्तावना, टिपा यांचेही. हक्क चालू असलेल्या लेखनातला भाग एखाद्याच्या खासगी वापरासाठी, संशोधनासाठी देणे कलम ५२ मधल्या वाजवी वापरात बसते. किती भाग, याचा टक्का कायद्यात लिहिलेला नाही. एका अंकातला एक लेख, एका पुस्तकातले एक प्रकरण ही ग्रंथालयांनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे आणि ती पाळणे शहाणपणाचे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे जी फार कमी समित्यांना माहीत असते. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती, विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, ग्रंथपालाच्या देखरेखीखाली, ग्रंथालयाच्याच वापरासाठी करता येतात. आपल्याकडचे पुस्तक वाळवीने खाल्ले आणि बाजारात ते नाही, तर कोल्हापूर-पुण्याच्या प्रतीवरून आपली प्रत करून घ्यायला हा मार्ग आहे. प्रत्येक स्कॅनबरोबर ‘खासगी अभ्यासासाठी, पुढे वितरण करू नये’ अशी चिठ्ठी जोडावी आणि वाचकाची सही घेऊन ठेवावी. फाइल व्हॉट्सॲपच्या समूहात टाकणे म्हणजे वाजवी वापर नव्हे, हेही त्याला सांगावे. सांगूनही टाकणारे असतातच.

पुस्तकच पाठवायचे ठरले तर टपालाकडे जावे लागते, आणि तिथे मागच्या दोनेक वर्षांत सगळी गणिते बदलली. जुना बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. त्या जागी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल कुठे पोचले ते ऑनलाइन बघता येते. ग्रंथालयाच्या दृष्टीने ही मोठी सोय, कारण पोच आलेली नसताना पुस्तक वाटेत आहे की टेबलावर, हा जुना वाद होता. पण याच्या अटी नीट वाचाव्यात. यातून नियतकालिके जात नाहीत. म्हणजे बांधीव मासिकांचे खंड, जे मुळातच दीड-दोन किलोचे असतात, ते साध्या पार्सलच्या दरानेच पाठवावे लागतात. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते. जुन्या पुस्तकाची पहिली चार पाने गेलेली असली की ते खिडकीवर सिद्ध करता येत नाही. असे पुस्तक सरळ पार्सलने पाठवावे, वाद घालत बसू नये. प्रवास जमिनीवरून असल्यामुळे दिवस जास्त लागतात. परतीची तारीख पाठवल्याच्या दिवसापासून न मोजता पोचल्याच्या दिवसापासून मोजावी. तीस दिवस वाचनाचे आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा दिवस वाटेचे धरले तर तगादे कमी होतात.

बसच्या पार्सलने निपाणी-कोल्हापूर एका दिवसात होते हे खरे, जेमतेम चाळीस किलोमीटर. पण त्या वाटेवर विसंबता येत नाही. सीमेवर वातावरण तापले की पहिल्यांदा दोन्ही बाजूंच्या बस थांबतात. २०२२ च्या अखेरीस थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. अशा वेळी आगारात अडकलेले पार्सल कुणाचे हे विचारायलाही जागा नसते. दुर्मीळ काही असेल तर माणसाबरोबरच पाठवावे, आणि देताना-घेताना दोघांच्या सह्या घ्याव्यात.

बांधणीचे सांगायचे तर पुस्तक आधी कोऱ्या खाकी कागदात गुंडाळावे. वर्तमानपत्राच्या कागदात नको, संपादकमहाशय, शाई लागते. मग प्लास्टिकची पिशवी. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडे हे चुकवून चालत नाही. एकदा आत ओल शिरली की आठवड्यात पानांच्या कडेला बुरशीचे करडे ठिपके येतात. त्यावर दोन्ही बाजूंना पन्हाळी पुठ्ठा, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा. आपटल्यावर कोपरे पुठ्ठ्याचे मोडावेत, पुस्तकाचे नव्हे. आत चिठ्ठी: दोन्ही पत्ते, दाखल अंक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), परतीची तारीख, पाठवताना पुस्तकाची असलेली स्थिती (‘कणा सैल, पान ३३-३४ फाटके’ असे नेमके) आणि वजन. वजन लिहिले की परत पाठवणाऱ्याला तिकिटाचा अंदाज येतो. चिठ्ठी टाचणीने लावू नये, गंजते. रबर लावू नये, कडा कापते.

खरे भय टपालाचे नाही, पडताळणीचे आहे. वर्षअखेरीस दाखल नोंदवही घेऊन कपाटे मोजताना एक पुस्तक कमी भरले तर प्रश्न ग्रंथपालाला येतो. म्हणून ‘संदर्भ विभागातले आहे, देता येत नाही’ हे उत्तर तयार असते. यावर उपाय साधा आहे: पुस्तकाच्या जागी त्याच उंचीचा पुठ्ठा उभा करायचा, त्यावर दाखल अंक, कुठे गेले, कधी गेले. पडताळणी करणाऱ्याने तो पुठ्ठा पुस्तक म्हणून मोजावा, असा ठराव समितीने आधीच करून ठेवावा. हरवल्यास काय, तेही आधी ठरवावे. छापील किंमत साडेतीन रुपये असलेल्या १९४८ च्या पुस्तकाची भरपाई साडेतीन रुपये असू शकत नाही. पण ‘दसपट’ असला मोघम दंडही उपयोगाचा नाही. त्याच आवृत्तीची प्रत, ती न मिळाल्यास संपूर्ण स्कॅनवरून केलेली बांधीव प्रत, असा क्रम लिहून ठेवावा. रोख रक्कम सर्वांत शेवटी.

दोन राज्यांतल्या ग्रंथालयांची घडण वेगळी आहे हे ध्यानात घेतले नाही तर करारमदार कागदावरच राहतात. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५ चा, मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आणि सरकारी यंत्रणा. महाराष्ट्राचा १९६७ चा, उपकर नाही, संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ-ब-क-ड वर्गांनुसार अनुदान. सीमेपलीकडच्या वाचनालयाशी व्यवहार ठरवायला त्यांच्या कार्यकारी मंडळाची एक बैठक पुरते; इकडच्या सरकारी शाखेशी ठरवायला फाइल वर जाऊन यावी लागते. म्हणून संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांनी आपसांत आधी सुरुवात करावी, सरकारी शाखांना नंतर जोडून घ्यावे. पैशांची देवाणघेवाण नकोच. मागवणाऱ्याने जाण्या-येण्याचे टपाल सोसावे, बाकी वर्षअखेरीस ‘तुम्ही आम्हाला एवढी, आम्ही तुम्हाला एवढी’ असा नुसता आकड्यांचा मेळ घालावा. कर्नाटकातली ग्रामपंचायत ग्रंथालये २०१९ पासून ग्रामविकास खात्याकडे आहेत. खानापूर तालुक्यातल्या दूरच्या वाचकाला निदान पुस्तक घ्यायला-परत करायला ती जागा वापरता आली तर त्याची बेळगावची एक खेप वाचेल.

सुरुवात सॉफ्टवेअरने करू नये. त्यात दोन वर्षे आणि जमलेली वर्गणी दोन्ही जातात. एका साध्या तक्त्यात आठ रकाने पुरे: ग्रंथालय, दाखल अंक, लेखक, शीर्षक जसे छापले तसे, शीर्षक आजच्या लेखनाने, प्रकाशक व गाव, साल (छापलेले आणि इसवी), स्थिती. सगळी पुस्तके घेऊ नयेत. पन्नास ग्रंथालयांत असलेल्या कादंबऱ्यांची यादी कुणाला हवी आहे? १९६० पूर्वीची पुस्तके, बांधीव मासिके आणि स्थानिक प्रकाशने एवढेच घ्यावे. मासिकांना प्रत्येक खंडाची ओळ नको. नाव, कोणती वर्षे आहेत आणि कोणते अंक नाहीत एवढी एकच ओळ. हे काम दोन माणसे मध्यम आकाराच्या वाचनालयात काही रविवारांत उरकू शकतात. निदान मासिकांपासून तरी आरंभ व्हावा, कारण लेख हवे असतात ते त्यांतले, आणि खंड हलवायला सर्वांत अवघड तेच.

संपादकमहाशय, या तक्त्यातली एक ओळ तुम्हीच भरू शकता. सीमाभागातल्या जुन्या बातम्या, संमेलनांचे वृत्तांत, मृत्युलेख यांच्या मागण्या येतात तेव्हा बहुतेकांना ‘इथल्या वृत्तपत्राची फाइल पाहा’ असे सांगावे लागते, आणि ती फाइल कुठे, कोणत्या वर्षापासून आहे हे पुढे सांगता येत नाही. तुमच्या कार्यालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली कोणत्या वर्षांच्या आहेत, कोणते महिने नाहीत, आणि त्या कोणत्या वारी किती वाजता येऊन पाहता येतात, एवढी चार ओळींची चौकट याच पानावर छापावी.

आपले,
ग्रंथालयांत काम करणारे काही जण,
बेळगाव, खानापूर, निपाणी